यंत्राचा आकडा आधी पाहिला की माझी मोजणी जुळते, न पाहता जुळत नाही : डिफरन्शियल काउंट शिकताना माझे नेमके काय चुकते आहे?

शिकाऊ_तंत्रज्ञ

सर्व ज्येष्ठांना नमस्कार. मी डीएमएलटीच्या (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान पदविकेच्या) शेवटच्या टप्प्यात असून गेले अडीच महिने पूर्व विदर्भातील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम शिकतो आहे. रक्त काढणे, नमुन्यांची नोंद, हिमोग्लोबिन, ईएसआर ही कामे आता बऱ्यापैकी हातात बसली आहेत. माझी अडचण डिफरन्शियल काउंटची, म्हणजे स्लाइडवर पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगवेगळे मोजण्याची आहे आणि ती मांडताना मला थोडा संकोच वाटतो, कारण तिचा संबंध केवळ कौशल्याशी नाही.

आमच्याकडे थ्री-पार्ट सेल काउंटर, म्हणजे पांढऱ्या पेशींचे तीन गट करून मोजणारे यंत्र आहे. ज्या रुग्णाचा आकडा शंकास्पद वाटतो त्याच्या रक्ताची काचपट्टी करून, लीशमन स्टेन (पेशी रंगवणारे द्रव्य) देऊन, शंभर पेशी मोजण्याचे काम माझ्याकडे असते. सुरुवातीचे काही आठवडे माझी मोजणी जवळजवळ प्रत्येक वेळी यंत्राच्या प्रिंटशी जुळत असे आणि त्याबद्दल माझे कौतुकही झाले. मागील महिन्यात एके दिवशी प्रिंटरचा कागद संपला होता, म्हणून मी प्रिंट न पाहताच स्लाइड मोजली. नंतर पडद्यावरचा आकडा पाहिला, तर दोन्हींत बरेच अंतर होते. तेव्हा मी मुद्दाम एक स्लाइड बाजूला ठेवली आणि तिचा निकाल मनातून काढून टाकण्याचा प्रयत्न करून तीन वेगवेगळ्या दिवशी मोजली. पहिल्या दिवशी न्यूट्रोफिल ५८, लिम्फोसाइट ३६, मोनोसाइट ३ आणि इओसिनोफिल ३ आले; दुसऱ्या दिवशी ५१, ४३, ४ आणि २; तिसऱ्या दिवशी ६३, ३०, ४ आणि ३. आमच्या ज्येष्ठ तंत्रज्ञ मॅडमनी तीच स्लाइड मोजली तेव्हा त्यांना ६६, २६, ५ आणि ३ मिळाले. यंत्राने ग्रॅन्युलोसाइट (न्यूट्रोफिलसारख्या कणयुक्त पेशी) ६८, लिम्फोसाइट २४ आणि मधला गट ८ असे दाखवले होते.

प्रिंट समोर असताना माझ्याकडून काय घडत होते, हे आता माझ्या लक्षात येते. ऐंशी-पंच्याऐंशी पेशी झाल्या की मी मनातल्या मनात हिशेब करू लागतो की लिम्फोसाइट पुरेसे झाले, आता न्यूट्रोफिल हवेत. मग एखादी अशी पेशी समोर येते की जिचे केंद्रक धड गोलही नाही आणि धड खंडितही नाही, आणि माझे बोट आपोआप हाताने मोजण्याच्या काउंटरच्या त्या कळीवर जाते जी दाबली असता आकडा जुळेल. हे मी ठरवून केले नाही, पण केले हे खरे आहे. त्या आठवड्यांतील नोंदी माझ्या प्रशिक्षणाच्या वहीत सहीसह आहेत.

माझी मोजणी तीन दिवसांत इतकी हलते ती माझ्या अज्ञानामुळे की तेवढा फरक पडतोच? मॅडमपेक्षा माझे लिम्फोसाइट नेहमी जास्तच का येतात? आणि यंत्राकडे न पाहता स्वतःच्या नजरेवर विसंबता यावे यासाठी सराव कसा करावा? कृपया मार्गदर्शन करावे.

वैनगंगाकाठी

तुमचा प्रश्न वाचून बरे वाटले. मी गेली चोवीस वर्षे याच कामात आहे आणि माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलामुलींपैकी फार थोड्यांनी ही गोष्ट स्वतःहून कबूल केली. बहुतेकांना आम्हालाच पकडावे लागले. ती तुम्ही स्वतः पकडली, म्हणजे पुढचे शिकवणे सोपे झाले.

तुमचे लिम्फोसाइट नेहमी वर जातात, यावरून मला पहिली शंका येते ती तुम्ही स्लाइडच्या कोणत्या भागात मोजता याची. काचेवर रक्त ओढताना सर्व पेशी सारख्या पसरत नाहीत. न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट या मोठ्या पेशी दोन्ही कडांकडे आणि शेपटाकडे ढकलल्या जातात आणि लहान लिम्फोसाइट मधल्या पट्ट्यात अधिक राहतात. नवशिका माणूस कडा टाळतो, कारण तेथे नजर स्थिर ठेवणे अवघड जाते. तो मध्यावर सरळ रेषेत पुढे जातो आणि त्याला लिम्फोसाइट जास्त मिळतात. मोजताना किल्ल्याच्या तटावरच्या चर्या जशा वर-खाली जातात तशी स्लाइड फिरवायची : कडेपासून दोन-तीन फील्ड (सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणारा भाग) आत, मग दोन-तीन फील्ड बाजूला, मग पुन्हा कडेकडे. कडेपासून मध्यापर्यंतचा भाग अशा रीतीने सारख्या प्रमाणात नजरेखालून गेला पाहिजे. एकच पेशी दोनदा मोजली जाऊ नये म्हणून परतीची वाट नेहमी नव्या फील्डमधून घ्यावी.

दुसरी शंका जाडीची. तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम टेकलेल्या आहेत, एकमेकींवर चढलेल्या नाहीत आणि त्यांच्या मध्यभागीचा फिकट भाग दिसतो आहे, अशाच भागात मोजायचे. त्याच्या मागे जाड भागात गेलात की पांढऱ्या पेशींना पसरायला जागा मिळत नाही, त्या आक्रसतात, न्यूट्रोफिलचे खंड एकमेकांवर येतात आणि मोनोसाइट सरळ लिम्फोसाइटसारखा दिसू लागतो. तुमचे मोनोसाइट ३ आणि ४ आले आहेत, मॅडमचे ५. एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, पण मी तुमच्या शेजारी बसलो असतो तर तुम्ही कोणता फील्ड निवडता तेच आधी पाहिले असते.

मोनोसाइट आणि मोठा लिम्फोसाइट यांच्यात गोंधळ होत असेल तर केवळ केंद्रकाच्या आकारावर जाऊ नका. मोनोसाइटचा पेशीद्रव राखेसारखा करडा-निळा, जराशा धुरकट काचेसारखा असतो आणि त्यात बारीक पोकळ्या दिसतात; केंद्रकातील द्रव्य विरळ, दोऱ्याच्या सैल गुंड्यासारखे असते. मोठ्या लिम्फोसाइटचा पेशीद्रव स्वच्छ आकाशी असतो आणि शेजारच्या तांबड्या पेशींनी त्याच्या कडेला जणू दाबून खळी पाडल्यासारखे दिसते. हे वाचून कळत नाही. एकेका पेशीवर थांबून बारीक फोकस वर-खाली करीत पाहावे लागते.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट शिकणे अत्यावश्यक आहे. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण नेहमी येतात आणि त्यांच्या रक्तात केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी दिसतात. सेल काउंटर अशा पेशींनाही पांढऱ्या पेशी समजून मोजू शकतो. शंभर पांढऱ्या पेशी मोजताना अशा किती दिसल्या ते वेगळे लिहावे आणि यंत्राच्या एकूण पांढऱ्या पेशींच्या आकड्याला शंभरने गुणून, शंभर अधिक त्या पेशींच्या संख्येने भागावे. यंत्राने २४,००० दाखवले आणि शंभरामागे अशा २० पेशी दिसल्या तर खरा आकडा २०,००० होतो. जो माणूस प्रिंटशी जुळवण्यासाठी मोजतो त्याला या पेशी दिसूनही दिसत नाहीत, कारण प्रिंटवर त्यांच्यासाठी खानाच नसतो.

सरावाची माझी पद्धत अशी आहे. दुसऱ्या कोणाला तरी दहा जुन्या स्लाइड निवडून त्यांवरची नावे कागदाने झाकून क्रमांक टाकायला सांगा. निकालाचा कागद त्यांच्याच खणात राहू द्या. प्रत्येक स्लाइडवर दोनशे पेशी मोजा, पण शंभर-शंभरच्या दोन वेगळ्या मोजण्या म्हणून लिहा आणि शाईने लिहा. दहाही पूर्ण झाल्यावरच खण उघडा.

रक्तविकृतिशास्त्र_पुणे

वरील उत्तरातील प्रत्येक मुद्द्याशी मी सहमत आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे किती फरक पडतोच, हे थोडे सविस्तर देते, कारण ते शिकवले जात नाही आणि त्यामुळेच विद्यार्थी आकडे जुळवू लागतात.

एका थेंबातील हजारो पांढऱ्या पेशींपैकी तुम्ही फक्त शंभर पाहता. धान्याच्या पोत्यातून मूठभर दाणे काढून खड्यांचे प्रमाण ठरवण्यासारखेच हे आहे. प्रत्येक मुठीत खडे सारखे येणार नाहीत. मोजणारा कितीही निष्णात असला तरी हा फरक जात नाही. रुम्के यांच्या नावाने ओळखला जाणारा तक्ता या फरकाच्या मर्यादा सांगतो. शंभर पेशींत एखाद्या प्रकारच्या ५ पेशी मिळाल्या, तर खरे प्रमाण ९५ टक्के विश्वासाने १ ते १२ टक्के यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. १० मिळाल्या तर ४ ते १८. ५० मिळाल्या तर ३९ ते ६१. हजार पेशी मोजून ५ टक्के आल्या तर मात्र ही मर्यादा ३ ते ७ इतकी अरुंद होते. म्हणजे इओसिनोफिल एका तंत्रज्ञाला ३ आणि दुसऱ्याला ६ मिळाले, तर त्यावर वाद घालण्यात काहीही अर्थ नाही.

आता तुमचे आकडे घेऊ. तीन दिवसांचे न्यूट्रोफिल ५८, ५१ आणि ६३. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यात १२ चे अंतर आहे. शंभर-शंभर पेशींच्या दोन स्वतंत्र मोजण्यांत, प्रमाण साठच्या आसपास असताना, सुमारे १४ पर्यंतचे अंतर निव्वळ योगायोगाने पडू शकते. तेव्हा तुमची मोजणी हलते याबद्दल स्वतःला दोष देऊ नका.

मात्र तिन्ही दिवसांचे आकडे एकत्र केले की दुसरीच गोष्ट दिसते. तुम्ही एकूण ३०० पेशी मोजल्या आणि त्यांत १०९ लिम्फोसाइट निघाले, म्हणजे ३६ टक्क्यांहून थोडे अधिक. ३०० पेशींसाठी योगायोगाची मर्यादा या प्रमाणाच्या दोन्ही बाजूंना साधारण साडेपाच टक्के धरता येते, म्हणजे ३१ ते ४२. यंत्राने हजारो पेशी मोजून दिलेले २४ आणि मॅडमचे २६ त्या मर्यादेच्या बाहेर पडतात. योगायोगाचा फरक कधी वर जातो, कधी खाली येतो. तुमचा फरक तिन्ही वेळा एकाच बाजूला झुकला आहे. आकडे पसरणे आणि आकडे एका बाजूला कलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या बाबतीत उपाय हवा आहे तो कलण्यावर. त्याचे कारण वैनगंगाकाठी यांनी सांगितले तेच, म्हणजे मोजण्याची जागा, असण्याची शक्यता मला सर्वांत अधिक वाटते. प्रिंटशी आकडा जुळवण्याने हे दोन्ही झाकले गेले असते आणि तुम्ही चुकीच्या जागी मोजता हे तुम्हाला कधीच कळले नसते.

थ्री-पार्ट यंत्राबद्दलही एक खुलासा आवश्यक आहे. ते यंत्र पेशी पाहत नाही. रक्तातील तांबड्या पेशी विरघळवून, उरलेल्या पांढऱ्या पेशी एका सूक्ष्म छिद्रातून सोडून, प्रत्येक पेशीमुळे विद्युतप्रवाहाला किती अडथळा होतो त्यावरून ते तिचे आकारमान ठरवते. वॉलेस कोल्टर यांना १९५३ मध्ये ज्याचे पेटंट मिळाले तेच हे तत्त्व. द्रावणाने आक्रसलेल्या पेशींपैकी सुमारे ३५ ते ९० फेम्टोलिटरच्या पेशींना ते लिम्फोसाइट म्हणते, ९० ते १६० च्या पेशींना मधला गट आणि त्यापुढील पेशींना ग्रॅन्युलोसाइट. इओसिनोफिल त्याला वेगळे दाखवताच येत नाहीत, अपरिपक्व पेशी ओळखता येत नाहीत, आणि आकाराने लहान असलेला ब्लास्ट (रक्ताच्या कर्करोगात दिसणारी अगदी अपरिपक्व पेशी) त्याच्या लेखी लिम्फोसाइटच असतो. तुम्ही पाच खान्यांत मोजलेले आकडे त्याच्या तीन खान्यांशी तंतोतंत जुळत होते, हीच खरे तर कोणाच्या तरी लक्षात यायला हवी अशी गोष्ट होती.

स्लाइड आपण करतो ती यंत्राची परीक्षा घेण्यासाठी. यंत्राचा आकडा पाहून मोजलेली स्लाइड त्या रुग्णाच्या दृष्टीने केलेलीच नसते. हे मी कठोरपणे लिहिते आहे, पण तुमच्यावर रागावून नव्हे. माझ्या विद्यार्थिदशेत एका मुलाच्या स्लाइडवर आमच्यापैकी एकाने लिम्फोसाइट ७० लिहिले होते, कारण यंत्रानेही ७० दाखवले होते. ते लिम्फोसाइट नव्हते, ब्लास्ट होते. दुसऱ्या दिवशी आमच्या शिक्षकांनी तीच स्लाइड पुन्हा पाहिली म्हणून निदान झाले.

तळकोकण

नमस्कार. मी सिंधुदुर्गात एका छोट्या प्रयोगशाळेत काम करते. मोजणीबद्दल वरच्या दोघांनी सांगितले आहेच, पण पेशी ओळखू येत नाहीत असे वाटते तेव्हा बहुधा दोष नजरेत नसून स्लाइडमध्येच असतो, हे मला फार उशिरा कळले, म्हणून लिहिते आहे.

पहिल्या पावसाळ्यात माझ्या प्रत्येक स्लाइडवर तांबड्या पेशींच्या मध्यभागी चमकणारी, तीक्ष्ण कडेची वर्तुळे दिसत. मी त्यांना काही आजार समजून पुस्तके चाळत बसले. तो केवळ ओलावा होता. आमच्याकडे जुलैत हवेतच इतके पाणी असते की ओढलेली स्लाइड लवकर वाळत नाही, आणि सैल झाकणाच्या बाटलीतील मिथेनॉलही हवेतील पाणी शोषून घेते. आता मी स्लाइड ओढल्याबरोबर टेबलफॅनच्या झोतात धरते आणि मिथेनॉल लहान बाटलीत, घट्ट बुचाखाली, थोडे-थोडे काढून वापरते. ती वर्तुळे तेव्हापासून दिसलेली नाहीत.

स्टेनचे पाणी हाही असाच विषय आहे. आमच्या एका केंद्रावर बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) संपला की विहिरीचे पाणी वापरत आणि सगळी स्लाइड निळसर-करडी होई. तांबड्या पेशींचा गुलाबी रंग जाई आणि इओसिनोफिलचे केशरी कण मळकट दिसत. पाणी अल्कधर्मी असले की असे होते. आम्लधर्मी असले तर उलट सारे लालसर होते आणि केंद्रके फिकट पडतात. पेशी मोजण्यासाठी ६.८ पीएचचा बफर लागतो. मलेरियाचे जंतू शोधायचे असतील तर ७.२ चा घ्यावा. लीशमन स्टेन स्लाइडवर पूर्ण पसरून दोन मिनिटे ठेवायचा, मग त्याच्या दुप्पट बफर घालून हलकेच फुंकून मिसळायचा, सात ते दहा मिनिटे थांबायचे आणि धुताना स्टेन आधी ओतून न देता पाण्याच्या धारेनेच वाहू द्यायचा. ओतून दिला की वर आलेली चकाकणारी साय काचेवर बसते आणि तिचे जांभळे कण नवशिक्याला प्लेटलेट वाटतात.

स्लाइड ओढणे हे मात्र लिहून शिकवता येत नाही, तरीही सांगते. ट्यूब आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटी-सुलटी करावी. काचेच्या टोकापासून साधारण एक सेंटिमीटरवर दोन-तीन मिलिमीटरचा थेंब ठेवावा. स्प्रेडर (रक्त ओढण्याची काच) थेंबाकडे मागे आणून टेकवला की रक्त त्याच्या कडेने दोन्ही बाजूंना धावते. ते कडेपर्यंत पोचायच्या आतच, न दाबता आणि न थांबता, एका दमात पुढे न्यावा. कोन ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान असावा. रुग्ण फार ॲनिमिक असेल तर रक्त पातळ असते, तेव्हा कोन थोडा वाढवावा. घट्ट रक्ताला कमी करावा. काचेचा सुमारे दोन तृतीयांश भाग व्यापणारी, जिभेच्या आकाराची आणि टोकाला पिसासारखी विरळ होत गेलेली स्लाइड हवी. मी पहिल्या महिन्यात उरलेल्या नमुन्यांवर रोज वीस स्लाइड ओढल्या आणि त्यांतल्या दोन-तीनच ठेवण्यासारख्या निघत.

नमुना किती जुना आहे हेही विचारत जा. तुमच्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रांतून दुपारी गाडीने नमुने येत असतील तर ईडीटीएमध्ये (ट्यूबमधील, रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्यात) त्यांचे चार-पाच तास गेलेले असतात. तोपर्यंत न्यूट्रोफिलची केंद्रके फुगू किंवा तुटू लागतात, पेशीद्रवात पोकळ्या येतात आणि लिम्फोसाइटच्या केंद्रकाला खाचा पडतात. जी पेशी कोणत्या खान्यात टाकावी ते तुम्हाला कळत नाही म्हणता, ती कदाचित कोणालाच कळली नसती. दोन तासांच्या आत ओढलेल्या स्लाइडवरच सराव करा.

शेवटी एक अनुभव सांगते, कारण तो प्रिंटवरच्या विश्वासाशीच निगडित आहे. डेंग्यूच्या दिवसांत एका बाईंचे प्लेटलेट यंत्राने ३८,००० दाखवले. त्यांना ताप नव्हता, अंगावर एकही ठिपका नव्हता, पण आकडा पाहून घरच्यांनी मोठ्या रुग्णालयात नेण्यासाठी गाडी ठरवली होती. मी स्लाइड केली आणि आधी पिसासारख्या टोकाशी गेले. तेथे प्लेटलेटचे घोसच्या घोस अडकलेले होते. काही जणांच्या रक्तात ईडीटीएमुळेच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्राला असे घोस मोजता येत नाहीत. निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतले, तेव्हा १,७२,००० आले. त्या ट्यूबमधील द्रवामुळे रक्त पातळ होते म्हणून १.१ ने गुणून ते १,८९,२०० धरले. त्या बाई रिक्षाने घरी गेल्या. मी तेव्हा आधी मोजणी न करता प्रिंटशी जुळवले असते, तर घोसांकडे पाहिलेच नसते, कारण मधल्या भागात खरोखरच प्लेटलेट कमी होते.

शिकाऊ_तंत्रज्ञ

आपण तिघांनीही इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनःपूर्वक आभार. तीन आठवडे सराव केल्यावर लिहितो आहे.

मॅडमना मी सर्व काही सांगितले. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांनी माझ्या वहीतील त्या आठवड्यांच्या नोंदींवर तिरपी रेघ मारून ‘पुन्हा करणे’ असे लिहिले आणि खाली सही केली. दहा क्रमांकित स्लाइड त्यांनीच निवडून दिल्या. पहिल्या पाच मी नेहमीच्या पद्धतीने मोजल्या आणि उरलेल्या पाच कडेपासून मध्यापर्यंत चर्यांच्या रीतीने. पहिल्या पाचांपैकी चारांत माझे लिम्फोसाइट मॅडमपेक्षा सात ते बारांनी जास्त निघाले. नंतरच्या पाचांत दोनदा जास्त, तीनदा कमी निघाले आणि कोठेही पाचांहून अधिक फरक नव्हता. मी खरोखरच मध्यावर सरळ रेषेत चालत होतो. मला वाटत होते की मी सगळीकडे फिरतो आहे. मॅडमनी शेजारी उभे राहून माझा हात पाहिला तेव्हा त्यांनी हे पहिल्या मिनिटात ओळखले.

मोनोसाइट मात्र अजूनही निसटतात. एका स्लाइडवर मॅडमना ९ मिळाले आणि मला दोनशे पेशींत शेकडा ४. ती स्लाइड मी पुन्हा घेऊन बसणार आहे.

आता एक व्यावहारिक प्रश्न. प्रत्यक्ष कामात, सरावात नव्हे, माझी मोजणी यंत्राशी जुळली नाही तर रजिस्टरमध्ये काय लिहावे? गर्दीच्या वेळी मॅडमना प्रत्येक वेळी थांबवणे मला जड जाते.

वैनगंगाकाठी

थांबवा. त्यासाठीच त्या तेथे आहेत, आणि शिकाऊ माणसाने विचारलेल्या प्रश्नाला लागणारी दोन मिनिटे चुकीच्या रिपोर्टमागे धावण्यात जाणाऱ्या वेळेपेक्षा खूप कमी असतात.

रजिस्टरमध्ये तुम्ही पाहिलेला आकडा लिहा आणि शेजारी यंत्राचा आकडा वेगळा लिहा. दोन्हींत मोठे अंतर असेल तर आधी ट्यूबवरचे नाव आणि क्रमांक स्लाइडवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा, कारण निम्म्या वेळा तेथेच उत्तर मिळते. मग ट्यूब तिरपी करून गुठळी आहे का ते पाहा, नमुना नीट मिसळून यंत्रावर पुन्हा लावा आणि दुसरी स्लाइड ओढा. तरीही अंतर राहिले तर रिपोर्ट अडवून ठेवा आणि दोन्ही स्लाइड मॅडमच्या टेबलावर ठेवा. लिहिलेला आकडा बदलायची वेळ आली तर खोडरबर किंवा पांढरी शाई वापरू नका. जुना आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारून, नवा आकडा, तारीख आणि आद्याक्षरे घाला.

मोनोसाइटसाठी ज्या स्लाइडवर मॅडमना ९ मिळाले तीच उत्तम आहे. तिच्यावर फक्त मोनोसाइट शोधत फिरा, मोजू नका. एक सापडला की मॅडमना दाखवून खात्री करा, मग त्याच फील्डमधला मोठा लिम्फोसाइट शोधून दोघांना आलटून-पालटून पाहत राहा.

रक्तविकृतिशास्त्र_पुणे

आणि ती ९ मोनोसाइटची स्लाइड कोणत्या रुग्णाची होती, तेही मॅडमना विचारून घ्या. मोनोसाइट खरोखरच वाढलेले असतील तर त्यामागे एखादा दीर्घ संसर्ग किंवा दुसरे काही कारण असू शकते आणि डॉक्टरांना ते कळणे आवश्यक आहे. मात्र शंभरात ९ म्हणजे साधारण ४ ते १६, तेव्हा आणखी शंभर पेशी मोजल्याशिवाय त्यांनीही त्यावर शेरा लिहू नये. तुमच्या दोनशे पेशींतील ४ टक्क्यांचीही मर्यादा त्याला जाऊन भिडते, त्यामुळे तुम्ही तेथे चुकलात असे मी आज तरी म्हणणार नाही. दोघांनी मिळून पुन्हा दोनशे-दोनशे पेशी मोजाव्यात, एकमेकांचा कागद न पाहता.